विश्लेषण : ‘तुमचे नाव टाका’... सी भाषेतील हा साधा प्रश्न इतका धोकादायक का?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी भाषेचे प्रॅक्टिकल ज्यांनी केले आहे, त्यांना ‘टर्बो सी’ची ती निळी स्क्रीन आठवत असेल. पाच-सात ओळी टाइप करायच्या, प्रोग्रॅम रन करायचा आणि ‘तुमचे नाव टाका’ असा प्रश्न आला की नाव टाकायचे. खाली ‘हॅलो’ आणि आपले नाव उमटले की झाले. जर्नलमध्ये आउटपुट उतरवून सरांची सही घेतली की प्रयोग संपला. आमच्या लॅबमध्येही असेच झाले. मात्र नाव वाचण्यासाठी आम्ही जे फंक्शन वापरत होतो, ते सी भाषेच्या मानकातून आम्ही कॉलेजात जाण्यापूर्वीच काढून टाकले गेले होते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. त्या फंक्शनचे नाव ‘गेट्स’. एखाद्या भाषेने आपलेच फंक्शन हद्दपार करावे, असे त्यात काय होते? आणि वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर वाचणे हे एवढे नाजूक काम का आहे?

सी भाषेत ‘मजकूर’ म्हणजे नेमके काय?

सी भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी तयार केली. तेव्हा मेमरी महाग होती आणि वेग महत्त्वाचा होता. त्यामुळे या भाषेने बऱ्याच गोष्टींची जबाबदारी प्रोग्रॅमरवर सोडली. मजकूर साठवणे ही त्यातलीच एक.

पायथॉनसारख्या भाषेत नाव दोन अक्षरी असो वा दोनशे अक्षरी, लागेल तेवढी जागा भाषा स्वतः मिळवते. सीमध्ये ती सोय नाही. ‘नावासाठी २० खाने हवेत’ असे प्रोग्रॅमरला आधीच सांगावे लागते. त्या २० खान्यांत अक्षरे बसतात १९च, कारण मजकूर कुठे संपला हे कळण्यासाठी शेवटी शून्य किमतीचे एक खास चिन्ह ठेवावे लागते. त्याला ‘नल कॅरेक्टर’ म्हणतात.

खरी मेख पुढे आहे. हे खाने एखाद्या फंक्शनकडे भरायला दिले की त्या फंक्शनला फक्त पहिला खाना कुठे आहे एवढेच कळते. खाने २० आहेत की २००, हे वेगळे सांगितल्याशिवाय त्याला समजण्याचा मार्ग नसतो.

मग ‘गेट्स’मध्ये काय चुकले?

‘गेट्स’ला एकच गोष्ट सांगता येते, ती म्हणजे मजकूर कुठे ठेवायचा. जागा किती आहे, हे सांगण्याची सोयच त्यात नाही. एंटर दाबेपर्यंत जे जे येईल ते तो ठेवत जातो. २० खाने असताना वापरकर्त्याने ५० अक्षरे टाकली तर उरलेली अक्षरे शेजारच्या मेमरीत लिहिली जातात. यालाच ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात.

सरकारी अर्ज डोळ्यांसमोर आणा. नावासाठी २० चौकोन आहेत आणि त्याला लागूनच ‘फक्त कार्यालयीन वापरासाठी’ असा रकाना आहे. अर्जदाराने चौकोन संपल्यावरही लिहिणे सुरू ठेवले आणि त्याची अक्षरे त्या रकान्यात गेली. आता पुढच्या टेबलावरचा कारकून तो रकाना डोळे झाकून वाचणारा असेल, तर? अर्जदाराने तिथे ‘मंजूर’ असे लिहिले की काम फत्ते.

संगणकातही जवळपास हेच घडते. एखादे फंक्शन संपल्यावर प्रोग्रॅमने परत कुठे जायचे, तो पत्ता अनेकदा त्याच भागात, नावाच्या खान्यांपासून थोड्याच अंतरावर लिहिलेला असतो. नेमकी मोजून जास्तीची अक्षरे पाठवली तर तो पत्ता बदलता येतो. मग प्रोग्रॅम हल्लेखोर सांगेल तिथे जातो आणि हल्लेखोराने दिलेल्या सूचना पाळू लागतो.

प्रोग्रॅमर कितीही काळजीपूर्वक काम करणारा असला तरी ‘गेट्स’ सुरक्षितपणे वापरता येत नाही, कारण समोरचा माणूस किती अक्षरे टाकणार हे त्याच्या हातात नसते.

हे प्रत्यक्षात कधी घडले?

२ नोव्हेंबर १९८८ रोजी. इंटरनेट तेव्हा मुख्यतः विद्यापीठे, संशोधन संस्था आणि लष्करी केंद्रांपुरते होते. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने लिहिलेला, स्वतःच्या प्रती काढत पसरणारा एक प्रोग्रॅम त्या दिवशी एमआयटीच्या संगणकावरून सोडला गेला. तोच पुढे ‘मॉरिस वर्म’ म्हणून ओळखला गेला.

तो पसरण्याच्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ ही सेवा. अमुक संगणकावर सध्या कोण काम करत आहे, हे सांगणारी ही साधी सोय. समोरून आलेली विनंती वाचण्यासाठी तिच्यात ५१२ बाइटची जागा ठेवलेली होती आणि वाचण्याचे काम ‘गेट्स’कडे होते. वर्मने तिला ५३६ बाइट पाठवले. जास्तीच्या २४ बाइटनी परतीचा पत्ता बदलला आणि युनिक्सवर चालणाऱ्या व्हॅक्स जातीच्या संगणकांचा ताबा वर्मला मिळाला. ईमेल पोहोचवणाऱ्या ‘सेंडमेल’ या प्रोग्रॅममधील त्रुटी आणि सोपे पासवर्ड याही त्याच्या वाटा होत्या.

एकाच संगणकावर वर्मच्या अनेक प्रती चालू लागल्याने संगणक मंदावले, काही बंद करावे लागले. इंटरनेटवरील सुमारे ६० हजार संगणकांपैकी ६ हजार बाधित झाले, असा अंदाज तेव्हा वर्तवला गेला होता. मॉरिस यांना १९९० मध्ये तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. त्यांचे वडील रॉबर्ट मॉरिस हे बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले तज्ज्ञ आणि घटनेच्या वेळी अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा केंद्रात वरिष्ठ पदावर होते, हा या प्रकरणातला योगायोग. मॉरिस पुढे एमआयटीत प्राध्यापक झाले.

या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे संगणक आणीबाणी केंद्र उभे राहिले. भारतात २००४ पासून कार्यरत असलेली ‘सर्ट-इन’ ही याच धर्तीची सरकारी यंत्रणा.

‘गेट्स’ला मात्र लगेच निरोप मिळाला नाही. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ते मानकात राहिले. २०११च्या ‘सी ११’ या मानकातून ते वगळले गेले. वर्मनंतर तब्बल २३ वर्षांनी.

‘स्कॅनएफ’ वापरले तर प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. बहुतेक विद्यार्थी इनपुट घेण्यासाठी आधी ‘स्कॅनएफ’च शिकतात. संख्येसाठी ‘%डी’ आणि मजकुरासाठी ‘%एस’. पण नुसते ‘%एस’ लिहिले तर त्यालाही मर्यादा नसते, म्हणजे धोका तोच. २० खान्यांसाठी ‘%१९एस’ असे लिहिले तर ते १९ अक्षरांवर थांबते. ही सवय मात्र फारच थोड्या लॅबमध्ये लावली जाते.

दुसरी अडचण रोजच्या वापरातली. ‘%एस’ मोकळी जागा दिसली की थांबते. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. ‘सुनीता विठ्ठल पाटील’ असे टाकले तर प्रोग्रॅमला मिळते फक्त ‘सुनीता’. ‘विठ्ठल पाटील’ रांगेत तसेच उभे राहतात. पुढचा प्रश्न ‘वय टाका’ असा असेल तर ‘%डी’ला अंकाऐवजी ‘विठ्ठल’ भेटतो आणि ते काहीही न वाचता परत येते.

आता हा प्रश्न ‘योग्य वय मिळेपर्यंत विचारत राहा’ अशा लूपमध्ये असेल तर आणखी गंमत. न वाचलेला ‘विठ्ठल’ रांगेतून हलतच नाही. प्रोग्रॅम पुन्हा वाचतो, पुन्हा तोच भेटतो. स्क्रीनवर ‘वय टाका, वय टाका’ची रीघ लागते. ‘स्कॅनएफ’ आपल्याला किती गोष्टी नीट वाचता आल्या हा आकडा परत देत असते. तो तपासला तर चूक कळते. पण आम्ही तरी तो कधी तपासला नव्हता.

दुसरा प्रश्न आपोआप का सुटून जातो?

सी शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असतो. विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचा प्रोग्रॅम. आधी रोल नंबर, मग नाव. रोल नंबर टाकून एंटर दाबले की नाव टाकायची संधीच मिळत नाही, प्रोग्रॅम थेट पुढे.

याचे कारण एंटर. तेही एक अक्षरच आहे, त्याला ‘न्यूलाइन’ म्हणतात. ‘१९’ टाइप करून एंटर दाबले की रांगेत तीन अक्षरे येतात : १, ९ आणि न्यूलाइन. ‘%डी’ अंक उचलते आणि न्यूलाइन मागे ठेवते. त्यानंतर पूर्ण ओळ वाचणारे फंक्शन येते, त्याला समोरच न्यूलाइन दिसते आणि ते समजते की वापरकर्त्याने काही न लिहिता एंटर दाबले. नाव रिकामे राहते.

आम्ही हे सरांना दाखवले तेव्हा उत्तर मिळाले, ‘मध्ये एफफ्लश लिहा, चालेल’. टर्बो सीवर ते चालायचेही. पण सीच्या मानकानुसार ‘एफफ्लश’ हे आउटपुट बाहेर ढकलण्यासाठी आहे. इनपुटवर ते वापरल्यास काय व्हावे, हे मानकाने ठरवलेलेच नाही. त्यामुळे एका कंपायलरवर चालणारी ती ओळ दुसऱ्यावर काहीही न करता गप्प बसू शकते.

मग योग्य पद्धत कोणती?

अनुभवी प्रोग्रॅमर साधारणपणे एकच सूत्र पाळतात : आधी पूर्ण ओळ वाचा, मग तिचा अर्थ लावा. दोन्ही कामे एका फंक्शनवर टाकू नका.

१) ‘एफगेट्स’ने ओळ वाचा. या फंक्शनला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कुठे ठेवायचे, जागा किती आणि कुठून वाचायचे. २० सांगितले तर ते जास्तीत जास्त १९ अक्षरे घेते आणि शेवटी नल कॅरेक्टर स्वतः ठेवते.

२) काही मिळाले का ते तपासा. इनपुट संपले असेल किंवा वाचताना अडचण आली असेल तर ‘एफगेट्स’ ‘नल’ परत देते. तसे असेल तर पुढे जाऊ नका.

३) न्यूलाइन शोधा. ‘एफगेट्स’ एंटरचे अक्षरही मजकुरात ठेवते. ते सापडले तर पूर्ण ओळ मिळाली, ते काढून टाका. सापडले नाही तर ओळ आपल्या जागेपेक्षा मोठी होती किंवा इनपुट तिथेच संपले. मोठी असेल तर उरलेली अक्षरे न्यूलाइन येईपर्यंत एकेक करून वाचून सोडून द्या आणि वापरकर्त्याला ‘नाव फार मोठे आहे’ असे स्पष्ट सांगा. गुपचूप अर्धे नाव साठवू नका.

४) संख्या हवी असेल तर ‘स्ट्रटोल’ वापरा. अनेक पुस्तकांत यासाठी ‘एटूआय’ दिलेले असते. पण कोणी ‘०’ टाकले काय आणि ‘अबक’ टाकले काय, ‘एटूआय’चे उत्तर शून्यच. ‘स्ट्रटोल’ मात्र संख्या कुठपर्यंत वाचली हे सांगते. त्यामुळे ‘१९’ आणि ‘१९वर्षे’ यांतला फरक कळतो. संख्या मावण्यापलीकडे मोठी असेल तर तीही सूचना मिळते.

५) उत्तराला अर्थ आहे का ते पाहा. ‘७००’ ही संख्या बरोबर आहे, पण ते माणसाचे वय नाही.

६) मजकूर परत छापताना सावध राहा. वापरकर्त्याचा मजकूर थेट ‘प्रिंटएफ’ला देऊ नका, ‘%एस’मधूनच द्या. नाहीतर नावाच्या जागी टाकलेली टक्क्याची चिन्हे सूचना म्हणून पाळली जातात आणि मेमरीतील माहिती बाहेर येऊ शकते.

ओळ किती मोठी असेल याचा अंदाजच नसेल तर लिनक्ससारख्या प्रणालींवर ‘गेटलाइन’ हे फंक्शन मिळते. ते लागेल तशी जागा वाढवत नेते. काम झाल्यावर ती जागा मोकळी करण्याची जबाबदारी आपली.

मराठी नाव टाकले तर?

इथे आणखी एक वळण आहे. वर आपण ‘अक्षरे’ म्हणत आलो, पण सी मोजते बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे.

‘नमस्कार’ हा शब्द घ्या. आपल्याला दिसतात चार अक्षरे : न, म, स्का, र. संगणकासाठी ती सात चिन्हे आहेत : न, म, स, हलन्त, क, काना, र. म्हणजे २१ बाइट. मजकुराची लांबी सांगणारे ‘स्ट्रलेन’ फंक्शन २१ हेच उत्तर देते.

आता २० बाइटच्या जागेत ‘एफगेट्स’ने हा शब्द वाचला तर १९ बाइट येतात. पहिल्या १८ बाइटमध्ये ‘नमस्का’ बसतो आणि १९वा बाइट हा ‘र’चा एक तृतीयांश तुकडा असतो. तो एकटा कोणत्याच अक्षराचा नसल्याने स्क्रीनवर त्या जागी प्रश्नचिन्ह असलेला चौकोन दिसतो. काही जुन्या प्रणालींच्या पावत्यांवर किंवा मेसेजमध्ये मराठी नावाच्या शेवटी असे चिन्ह दिसले, तर त्यामागे असा अर्धवट कापलेला मजकूर असू शकतो. प्रोग्रॅम बंद पडत नाही, सुरक्षेलाही धक्का लागत नाही, पण माणसाचे नाव चुकते. म्हणून मराठी मजकुरासाठी जागा ठरवताना चिन्हांच्या तिप्पट बाइट आणि शेवटचा एक, असा हिशेब धरावा.

ही सगळी जुनी गोष्ट झाली ना?

काही प्रमाणात. आजचे कंपायलर परतीच्या पत्त्याअलीकडे एक गुप्त संख्या पहाऱ्याला ठेवतात. ती बदललेली दिसली की प्रोग्रॅम थांबवला जातो. मेमरीतील पत्ते दर वेळी बदलणे, मजकुराच्या जागेतून सूचना चालू न देणे असे उपायही आले आहेत. त्यामुळे १९८८चा हल्ला आज जसाच्या तसा चालणार नाही.

पण मूळ चूक, म्हणजे समोरच्याने दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवणे, अजून होते. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा त्याचाच नमुना. असंख्य वेबसाइटना सुरक्षित जोडणी देणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सी भाषेतील सॉफ्टवेअरमध्ये ती त्रुटी होती. समोरचा संगणक थोडा मजकूर पाठवून ‘हा इतका मोठा आहे, परत पाठव’ असे सांगे. सांगितलेला आकार खरा आहे का, हे तपासलेच जात नव्हते. त्यामुळे सर्व्हर एका वेळी ६४ केबीपर्यंतची शेजारची मेमरीही परत पाठवी. त्यात पासवर्ड असू शकत, गुप्त किल्ल्यादेखील.

तुमच्या हातातील अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेले लिनक्स कर्नलही मुख्यतः सी भाषेतच लिहिलेले आहे. गुगलने दिलेल्या माहितीनुसार अँड्रॉइडमधील एकूण सुरक्षा त्रुटींत मेमरीशी संबंधित त्रुटींचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता. नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात केल्यावर २०२४ मध्ये तो २४ टक्क्यांवर आला. लिनक्सनेही डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून रस्टला प्रवेश दिला. मात्र सीमध्ये लिहिलेला अफाट कोड जगभर चालू आहे आणि तो सांभाळायला सी जाणणारी माणसे लागणारच आहेत.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

तीन दशकांहून जुना टर्बो सी बाजूला ठेवून जीसीसी किंवा क्लँगसारखा आजचा, मोफत मिळणारा कंपायलर वापरावा. तो ‘गेट्स’ दिसताच इशारा देतो. सर्व इशारे दाखवण्याचा पर्याय सुरू ठेवावा आणि इशारा म्हणजे चूक असेच समजावे. जर्नलमध्ये जुना प्रोग्रॅम लिहावाच लागत असेल तर लिहावा, पण घरी तोच ‘एफगेट्स’ वापरून पुन्हा करून पाहावा.

मग आपल्याच प्रोग्रॅमला थोडा त्रास द्यावा. नावाच्या जागी पाचशे अक्षरे टाकावीत. नुसते एंटर दाबून पाहावे. वयाच्या जागी ‘विठ्ठल’ लिहावे. मराठीत नाव टाकावे, टक्क्याची चिन्हे टाकावीत. यातल्या प्रत्येक वेळी प्रोग्रॅम न कोसळता नीट उत्तर देत असेल तर इनपुटचा धडा पक्का झाला. सरांची सही त्यानंतर घेतली तरी चालेल.